वरची खाच

सेंट अल्बन्स,
२५ फेब्रुवारी

प्रिय मार्थीझ,

तुझी यादी परवा मिळाली. स्प्रिंगा आणि शॉकअपच्या तीन जोड्या, तिन्हींचे फोटो, आणि खाली तुझं फर्मान: 'पा, एक निवड आणि कारण एका ओळीत कळव.' एका ओळीत कळवायला मी काय क्रिकेटचा स्कोअर सांगतोय? अडतीस वर्षं कारखान्यात स्प्रिंगा वळल्या, भट्टीपुढे उभं राहून भुवया दोनदा जाळून घेतल्या. म्हणून फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. दुसरंही एक कारण आहे. एकवीस वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय, आणि ती फोनवर माझ्या तोंडून निघायची नाही. ती आधी लिहिली तर तू स्प्रिंगांचं वाचणार नाहीस, कदाचित ईस्टरला पर्थहून तुझी गाडी न्यायलाही येणार नाहीस. म्हणून आधी स्प्रिंगा. म्हाताऱ्याची लबाडी समज.

यादीतली पहिली जोडी सरळ खोडून टाक. गाडी पाच सेंटीमीटर खाली बसते आणि शॉकअप मूळचेच चालतात, असं तिथे लिहिलंय. लिहिणाऱ्याला कोणीतरी गाडीखाली झोपवायला हवं. स्प्रिंग गाडीचं ओझं पेलते आणि शॉकअप तिच्या उड्या आवरतो, दोघांचा संसार एकत्रच मांडावा लागतो. स्प्रिंग आखूड केली आणि शॉकअप तेवढाच लांब ठेवला, तर चाक एखाद्या खड्ड्यावर हवेत लोंबकळताच स्प्रिंग बैठकीवरून सुटते, आणि परत बसताना वाकडी बसते. ऐन वळणावर असं झालं तर संपलंच. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: गाडी जॅकवर घे, चाक लोंबकळू दे, स्प्रिंग मुठीत धरून फिरव. फिरली तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तुलाही शिकवलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस आणि तुझ्या मुठीत स्प्रिंगचा एक वेढासुद्धा मावत नव्हता.

ती निळी माझदा गाडी तू बाविसाव्या वर्षी घेऊन आलीस तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. छप्पर उघडं, केसांचं घरटं झालेलं, आणि सीटा दोनच. तुझी आई दारातून म्हणाली, "एवढे पैसे मोजून दोनच सीटा? मग मला काय डिकीत घालून नेणार?" पहिली फेरी मला मिळाली. मग तो नेमच पडला. टायर बदलले, ब्रेक बदलले, नुसतं तेल बदललं तरी पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर मी. तू म्हणायचीस, "पा, बस. नाक मुरडायचं नाही, नुसतं ऐकायचं." मी बसायचो, ऐकायचो आणि नाकही मुरडायचो. आयुष्यात मला फार मान मिळाले नाहीत गं, पण त्या सीटचा मान मिळाला.

गेटापाशी सिमेंटचा उंचवटा आहे ना, त्यावरून तू गाडी कितीही तिरकी घेतलीस तरी तिचं पोट घासायचंच. तो खरखराट ऐकू आला की तुझी आई जूझा चीज भरलेल्या पास्तित्सी ओव्हनमध्ये सरकवायची आणि मला सांगायची, "आली तुझी लेक, रस्ता खरवडत." दोन वर्षांपूर्वी मी तिथलं सिमेंट नव्याने घालून घेतलं, पण त्या उंचवट्याला हात लावू दिला नाही. गवंडी म्हणाला, "आजोबा, एवढंच ओरखड्यांचं ठिगळ कशाला ठेवताय?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

आता कीथकाका. पत्राच्या या वळणावर तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, पण वाचत राहा. कुंपणापलीकडचा कीथ, रेल्वेच्या डब्यांचा सुतार. त्याने तुला सायकल शिकवली, कारण मी ओव्हरटाइमला असायचो. कुंपणावरून लिंबं द्यायचा आणि म्हणायचा, "आंबट तोंडाच्या पोरीला आंबट लिंबं." तू गाडी खाली करणार असं कळलं तेव्हा त्याने रेड गम झाडाच्या लाकडाचा एक ठोकळा कापून दिला, कायद्याला गाडीखाली जागा हवी तेवढा, बरोबर दहा सेंटीमीटर उंच, कडा रंधून गुळगुळीत केलेल्या. "हा गाडीखालून न अडता सरकला की पोलीस तुझं काही वाकडं करू शकणार नाही." त्या ईस्टरला आईने बदामाचं सारण भरलेली फिगोल्ला तुझ्या गाडीच्या आकाराची भाजली होती. तू तो ठोकळा तिच्याशेजारी लावून म्हणालीस, "ही तर नक्की पकडली जाणार," आणि आधी चाकं खाल्लीस.

मग आपलं भांडण झालं. मी म्हणत होतो, तीन सेंटीमीटर खाली घे आणि आखूड शॉकअप घाल. तुला पाचच हवे होते. "पा, तू ट्रकच्या स्प्रिंगा वळतोस. गाडी दिसते कशी यातलं तुला काय कळतं?" हे मला लागलं, आणि मी म्हटलं, "मग जा, मोडून घे हाडं." तू गेलीस. मैत्रिणीच्या शेडमध्ये त्या पाच सेंटीमीटरवाल्या स्प्रिंगा जुन्याच शॉकअपवर चढवून आणल्यास. अकरा दिवस आपण एका टेबलावर जेवलो आणि मीठसुद्धा आईमार्फत मागितलं.

तुझ्या यादीतली तिसरी जोडीही नको, हे जाता जाता सांगतो. ती शर्यतीच्या मैदानासाठी बनवलीय, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीला ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय इथून पर्थपर्यंत त्या कडक स्प्रिंगांवर गेलीस तर नलरबॉरच्या ओसाड मैदानाच्या मधोमध तुझ्या दाढा हलायला लागतील.

बाराव्या दिवशी रविवार होता. तू आणि आई चर्चमध्ये मिस्साला गेला होतात, गाडी घरी होती. पुढच्या शनिवारी तुम्ही मित्रमैत्रिणी बारा जण आपापल्या गाड्या घेऊन समुद्रकाठच्या वळणांच्या रस्त्याला जाणार होतात, त्याची यादी फ्रिजवर लावलेली होती. मी गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक लोंबकळू दिलं आणि स्प्रिंगला हात लावला. बांगडीसारखी फिरली गं. तुम्ही दोघी परत येईपर्यंत मी तिथेच बसून होतो.

मी तुला सांगायला हवं होतं. दंडाला धरून गाडीखाली न्यायला हवं होतं, तुझाच हात त्या स्प्रिंगवर ठेवायला हवा होता. पण आधी तू बोलावंस ही माझी मिजास होती. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती, की तू पुन्हा म्हणशील, तुला काय कळतं. सोमवारी कारखान्यातून मी रहदारी पोलिसांना फोन केला. गाडीचा नंबर दिला, स्प्रिंग सैल आहे म्हणालो, शनिवारच्या आत थांबवा म्हणालो. पलीकडून विचारलं, आपण कोण? मुलीची चुगली करणारा बाप, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "शेजारी."

बुधवारी त्यांनी तुला कोपऱ्यावर अडवलं, काचेवर गाडी चालवायला बंदीचं पिवळं स्टिकर लावलं, आणि गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून घरी आली. त्या दिवशी उंचवट्यावर आवाज झाला नाही. तुला पोलिसाने सांगितलं होतं, "शेजाऱ्याचे आभार माना, स्प्रिंग सैल आहे हेसुद्धा त्यानेच कळवलं." आणि त्याच आठवड्यात कीथने पहाटेच्या खरखराटाबद्दल कुरकुर केली होती. मग आणखी पुरावा कशाला हवा? तू कुंपणाशी जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "ठोकळा स्वतः कापून द्यायचा आणि फोनही स्वतःच करायचा? स्प्रिंग सैल आहे हेही सांगितलंत! तुम्हाला मी काका म्हणत होते!" आणि तो ठोकळा त्याच्या अंगणात भिरकावलास. कीथने तुझ्याकडे बघितलं, मग तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे. मी दारात उभा होतो, तोंडात मारल्यासारखा. तो फक्त एवढंच म्हणाला, "चुकलं माझं, पोरी."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी गेलो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "विस्टिन, या गल्लीत हाताने स्प्रिंग चाचपून सैल आहे हे सांगणारा माणूस एकच आहे. गप्प बस आता. माझ्यावर रागावली तर लिंबं घेणार नाही. तुझ्यावर रागावली तर घर सोडेल." मी गप्प बसलो. त्याने मला वाट दिली आणि मी ती घेतली, एवढी साधी गोष्ट आहे ती. पुढच्या आठवड्यात मी मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या, स्टिकर काढून आणलं, आणि तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "पा, या गल्लीत विश्वास ठेवावा असा तू एकटाच." तेव्हाही मूग गिळले.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ना, तसं झालं. आपल्याकडे चोराला लोक एकदा माफ करतील, चुगली करणाऱ्याला नाही. ख्रिसमसच्या बार्बेक्यूला कीथला कोणी बोलावलं नाही. त्याच्याकडे जाणारी फिगोल्ला आईने बंद केली. दोन वर्षांनी तू पर्थला गेलीस ती त्याच्या दारावरून मान वळवून. मी रविवारी गॅरेजमध्ये तुझी गाडी सुरू करून ठेवायचो तेव्हा तो पलीकडून म्हणायचा, "आवाज चांगला येतोय." त्याच्या बोलण्यात एकदाही टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

जूझाला मी तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्याजवळ दिवसच थोडे उरले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कीथला फिगोल्ला नेऊन दे. आणि पोरीला सांग." पहिलं मी केलं. दुसऱ्याला सहा वर्षं लावली.

तर दुसरी जोडी घे. अडीच सेंटीमीटर खाली, सोबत त्याच मापाचे आखूड शॉकअप, वर कडकपणा कमी-जास्त करायची चावी. त्या शॉकअपच्या अंगावर तीन खाचा आहेत. ज्या खाचेत कडी बसवशील त्या उंचीवर स्प्रिंग टेकते, म्हणजे वरच्या खाचेत गाडी जवळजवळ मूळच्या उंचीवर राहते. सध्या कडी वरच्याच खाचेत बसव आणि चावी अगदी मऊवर ठेव. तू म्हणशील, पा म्हातारा झाला, एवढा खर्च करून गाडी खाली घ्यायचीच नाही का?

घे, पण पहिली फेरी झाल्यावर. कीथ अठ्ठ्याऐंशीचा झाला. ऑगस्टपासून सनशाइनच्या वृद्धाश्रमात आहे, खुब्याचं हाड बदललंय. गेल्या मंगळवारी मी टेप घेऊन गेलो आणि त्याच्या चाकाच्या खुर्चीची उंची मोजली. तो म्हणाला, "काय रे, मला पण खाली घेणार का?" गाडी वरच्या खाचेत असेल तर तू आणि तिथली नर्स, दोघींनी धरून त्याला सीटवर उतरवता येईल, नर्सने हो म्हटलंय, आणि मऊ शॉकअपवर त्याच्या हाडाला धक्का बसणार नाही. तो ठोकळा त्याच्या खिडकीत आहे, त्यावर तो चष्मा ठेवतो. डॉक्टर म्हणतात ईस्टरपर्यंत ठीक, पुढचं सांगता येत नाही. म्हणून हे पत्र आत्ता लिहिलं, मार्थीझ. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण ये. माझी सीट या वेळी त्याला दे. मी घरी थांबेन आणि ओव्हन तापवून ठेवेन. मग कडी मधल्या खाचेत आणायला स्प्रिंगा सोडवाव्या लागतील. ते एका दुपारचं काम आहे, आणि त्याला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणून मला हाक मारलीस तर मी गॅरेजमध्येच असेन.

तुझाच,
पा