चुकायची शिकवणी

नॅकनेक, अलास्का
२७ जून

प्रिय ग्रेडीदादा,

तू, लोरेन वहिनी आणि दोन्ही पोरी मजेत असाल असं धरून चालतो. मी उभा आहे, म्हणजे ठीकच म्हणायचं. आईला माझं पत्र मिळालं का ते तेवढं विचार. तिला वाटतं, काहीतरी मोडल्याशिवाय मी लिहीत नाही.

इथं मासा आलाय. म्हणजे असा आलाय की कारखान्यात सोळा सोळा तास सरकत्या पट्ट्यापुढून हलता येत नाही. सॅमन डोकं उडवणाऱ्या यंत्रातून पुढे सरकतो. माझ्या पुढ्यात येईपर्यंत त्याचं पोट चिरलेलं असतं. मी कण्याजवळचं रक्त चमच्यानं खरवडून काढतो. मग दुसरा, मग तिसरा. झोपेतसुद्धा माझं मनगट हलतं, असं बेनिग्नो सांगतो. बेनिग्नो म्हणजे माझ्या खोलीतला, फिलिपिन्सचा, साठीच्या पुढचा माणूस. रात्रीसुद्धा धड अंधार होत नाही, म्हणून आम्ही खिडकीला पुठ्ठा ठोकून झोपतो. घरांची छपरं शाकारली, टेक्सासात तेलाच्या विहिरींवर राबलो, ट्रक चालवला, पण इतका दमलो नव्हतो रे कधी.

कॅन्टीनमधल्या टीव्हीवर रोज तूच असतोस. बातमी काही नाही, तरी तू असतोस. मार्चमधलं तुझं रडणं दाखवतात, मग परवा मैदानाबाहेर गाडीतून उतरताना दिसलास ते दाखवतात, आणि टाय लावलेले चार फुटबॉलवाले वाद घालतात. मग इथले घालतात. ओडेल म्हणून एक आहे, आपल्याच राज्यातला, माशांचे खोके हलवतो. तो परवा म्हणाला, "टीव्हीवर रडून निवृत्त झालेला माणूस परत कसा येतो?"

"रडू आटपलं की येतो," बेनिग्नो म्हणाला.

"मार्चमध्ये संपलं म्हणाला. मेमध्ये म्हणाला, बघू. आता जून सरत आला."

"लग्नघरातून निघालेला पाहुणा आहे तो. 'निघतो, निघतो' म्हणत दारात तासभर उभा. घरच्यांना ना दार लावता येत, ना जेवायला बस म्हणता येत."

मग ओडेल माझ्याकडे वळला. "तू भाऊ ना त्याचा? मग सांग की एकदाचं."

"तो मला विचारून खेळत नाही," मी म्हटलं.

"मग कुणाला विचारून खेळतो?"

"बायकोला विचारून थांबतो आणि स्वतःला विचारून खेळतो." सगळे हसले. वहिनीला हे सांगू नकोस.

मंगळवारी फोनवर तू सांगितलंस तेव्हा मी खरंच ओरडलो. तुझ्या जागी घेतलेल्या नव्या पोराचा गुडघा सरावात गेला, कोचनं तुलाच फोन केला, डोक्याची परीक्षा झाली आणि डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मार खाऊन काडीचा फरक नाही. माझ्यामागे रांगेत उभे असलेले विचारायला लागले, मुलगा झाला का मुलगी. इथं फोन एकच आहे, ऑफिसच्या बोळात, आणि सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

आणि ते दुसरं बोललास ते. तू आलास तर संघाच्या सामानाच्या खोलीत मला जागा देतो म्हणून कोच कबूल झालाय. हेल्मेटं, बूट, आणि नवे चेंडू तुझ्या हाताला बसतील असे घासून मऊ करायचे. दादा, हे काम मला येतं. लहानपणी गॅरेजच्या पायरीवर बसून तुझे चेंडू मीच घासायचो. मी बेनिग्नोला सांगूनही टाकलं की पुढच्या हंगामाला मी नाही. आता शहरात राहणार, कोरडे मोजे घालणार.

तू माझं मत विचारलंस. मला कोण मत विचारतो, म्हणून दोनदा विचार केला. खेळ. एक वर्ष खेळ. चेंडू फेकायचा हात अजून चांगला आहे तुझा, सगळे तेच म्हणतात. तू दारात उभा राहून राहून घरातल्यांना दमवलंस. आत ये आणि बस एकदाचा.

पट्ट्याचा भोंगा झाला. जातो.

तुझा, साबणाला न जुमानणाऱ्या वासाचा,
एमट

ता. क. ती परीक्षा तू नेमकी कशी दिलीस ते एकदा नीट लिही. सहज विचारतोय.


नॅकनेक
७ जुलै

दादा,

चार दिवस धुकं आहे, टपालाचं विमान उतरलेलं नाही. तुझं उत्तर आलं असलं तर ते कुठंतरी गोणीत पडलं असेल. मी त्याची वाट बघत नाही. वाट बघितली तर पुन्हा काहीतरी गोड लिहीन.

सगळे बरे असाल. मी बरा नाही, पण ते माशामुळे नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही. अर्धं लिहिलं. ता. क. मध्ये जे सहज म्हणून विचारलं, ते सहज नव्हतं. तुझा फोन ठेवून पट्ट्यावर परत गेलो. शंभरएक मासे गेले असतील आणि एकदम चमचा हातात तसाच राहिला. शेजारचा ओरडला, "झोपलास का?" तेव्हापासून तेच एक डोक्यात आहे.

मी सांगतो ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुझी सबब राहणार नाही आणि माझीही.

तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतास. हंगामाआधी सगळ्यांना संगणकापुढे बसवून ती परीक्षा घेतली. बारा शब्द दाखवायचे, थोड्या वेळानं विचारायचे. रंग, आकडे, आकृत्या, चटकन बटण दाबायचं. तू मनापासून दिलीस आणि चौऱ्याण्णव मिळाले. मग तिसऱ्या सामन्यात डोक्याला मार बसला. पुन्हा परीक्षा झाली. ऐंशी आले. चौऱ्याण्णवाचे ऐंशी झाले म्हणून तुला तीन आठवडे बाकावर बसवलं. त्या सुट्टीत तू घरी आलास. आई चर्चला गेली होती. तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलास. मी चौदा वर्षांचा, आठवीत दुसऱ्यांदा.

तू म्हणालास, "एमट, तू परीक्षेत चुकतोस कसा?"

मला वाटलं, टोमणा आहे. मी म्हटलं, "मन लावून."

"मस्करी नाही. मला पुढच्या वर्षी चुकायचंय. पण थोडंच. सगळे तेच करतात म्हणे. आधीच कमी मिळवायचे, म्हणजे मार खाल्ल्यावर खाली आलेले दिसत नाहीत."

मग मी तुला शिकवलं. सगळं चुकवू नकोस, सगळं चुकलं की पकडतात, मला पकडलं होतं. पहिले चार शब्द बरोबर सांग. मग दर तिसरा विसर. रंगाच्या वेळी बटण दाबायच्या आधी मनात 'एक' असं म्हण. आणि तोंड असं कर, की प्रयत्न करतोय. आपण दुपारभर सराव केला. तू मला मास्तर म्हणालास. दादा, घरात सगळे तुझंच बघून शिकायचे. तू माझ्याकडून काही शिकलास ते त्या दुपारी. त्या आनंदात मी किती वर्षं काढली ते तुला माहीत नाही.

पुढच्या वर्षी एकाहत्तर आले. मग दर वर्षी एकाहत्तर, बहात्तर, असेच. मोठ्या संघात गेलास तिथंही तेच. मार बसायचा, परीक्षा व्हायची, सत्तर यायचे, आणि तू पुढच्या रविवारी मैदानात. दर वेळी फोन करून म्हणायचास, "मास्तर, पास झालो."

आता त्या मंगळवारी फोनवर तू काय म्हणालास ते आठव. नसेल आठवत तर मी सांगतो, मला शब्दन् शब्द पाठ आहे. "ह्या खेपेला तुझी शिकवणी वापरली नाही, मास्तर. म्हटलं, परत यायचं तर सरळ मार्गानं. मनापासून दिली. तरी सत्तर. बघ, जसाच्या तसा आहे मी."

जसाच्या तसा नाही रे दादा.

डॉक्टरांच्या कागदावर सगळं जुळतंय. त्यांना वाटतं, हा माणूस पहिल्यापासून एकाहत्तरचा आहे. तू चौऱ्याण्णवचा होतास हे त्यांना माहीत नाही. कॉलेजचा तो कागद कधीच कुठंतरी गेला असेल. माहीत आहे ते तुला आणि मला. आणि तुला हे कळलंच नाही, का कळलं म्हणूनच मला सांगून बघितलंस, ते मला अजून ठरवता येत नाही. कळलं नसेल तर ते जास्त वाईट आहे. तू असल्या गोष्टी चटकन ओळखणारा होतास.

अजून एक आहे. मार्चमध्ये पत्रकारांसमोर बोलायच्या आधी तू तुझा कागद मला धरायला दिलास. मी वाचायला नको होता, पण वाचला. कोचचे आभार, संघाचे आभार, आणि खाली मोठ्या अक्षरात, अधोरेखित, पोरींची नावं. टेसा. वायोलेट. तू वाचताना तिथंच थांबलास, कागदात शोधलंस, आणि लोकांना वाटलं गळा दाटून आला. टीव्हीवर रोज तेच दाखवतात. मी मात्र कॅन्टीनमध्ये दर वेळी तुझे डोळे कागदावरून फिरताना बघतो आणि जेवणाची थाळी उचलून बाहेर जातो.

हे सगळं माहीत असून मी तुला 'खेळ' असं लिहिलं. का, ते तुला कळलं असेल. कोरडे मोजे. सामानाची खोली. आजवर मी जिथं गेलो तिथून पळालो, आणि पहिल्यांदा मला एक जागा हवीशी वाटली. मी स्वतःशी म्हटलं, एकच वर्ष तर आहे, एका वर्षात काय होतंय. बारा दिवस हेच म्हणत मासे खरवडले. बेनिग्नोनं विचारलं, "भावाचं काही ठरलं का?" मी म्हटलं, "माझं ठरत नाहीये." तो म्हणाला, "मग तुम्ही दोघं भाऊ शोभता." आणि पांघरूण ओढून झोपला.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

रविवारी तू चर्चला गेलेला असशील हे हिशेबानं बघून मी तुझ्या घरी फोन केला. मला तू नको होतास. तू उचलला असतास तर मी माशांबद्दल बोललो असतो. वहिनींनी उचलला. मी सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, चौऱ्याण्णव, दर तिसरा शब्द, सगळं.

त्या म्हणाल्या, "चौऱ्याण्णव?"

"हो."

"आणि आता खरे सत्तर."

"हो वहिनी."

"मला वाटत होतं, तो माझं ऐकतच नाही," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी त्यावरून भांडतेय त्याच्याशी. सांगितलेलं पुन्हा विचारतो, पोरींना शाळेतून आणायचं विसरतो. मी म्हणायची, तुझं मन मैदानावरच आहे. जा बाबा, जा तिथंच. परत जा म्हणून मीच मागे लागले, एमट."

मागचा माणूस भिंतीवर बोटं वाजवत होता.

"डॉक्टरांना मी सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा तारखेला करारावर सही होण्याच्या आत. त्याला तू सांगतोस का मी?"

"मी लिहितो."

"तुझं पत्र यायला किती दिवस लागतील?"

"विमान कधी उतरतं त्यावर आहे."

"मग मी थांबणार नाही," त्या म्हणाल्या, आणि बरोबर होतं ते.

तेव्हा हे तुझ्या हातात पडेल त्याआधी तुला कळलेलं असेल. कदाचित तू डॉक्टरांसमोर बसून 'माझा भाऊ काहीही बोलतो' असं म्हणालाही असशील. म्हण. माझं कोण खरं मानणार, शाळेच्या नोंदींत माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते त्यांनी बघितलं तर प्रश्नच मिटला. त्यांच्याकडे आकडे आहेत आणि माझ्याकडे एक दुपार. तू नाही म्हणालास तर सही होईल आणि तू खेळशील. ते मला थांबवता येणार नाही, वहिनींनाही नाही. फक्त तुलाच येईल. त्यांना पुन्हा परीक्षा घ्यायला सांग, दुसऱ्या शब्दांची. आणि चौऱ्याण्णवची गोष्ट तुझ्या तोंडानं सांग. एवढंच मागतो. बाकी आयुष्यात मागितलंय ते पुष्कळ झालं.

कोचला सांग, सामानाच्या खोलीत दुसरा माणूस बघ. मी बेनिग्नोला सांगितलं, पुढच्या हंगामाला मी आहे. त्यानं हातमोजे वाळत घालायला मला खिळ्यावर जागा करून दिली.

इथलं काम ऑगस्टच्या मध्यावर संपेल. तेव्हा मी तुझ्या घरी येईन. येऊ नकोस असं लिहिलंस तरी येईन, पायरीवर बसेन. तुला पोरींची नावं आठवत नसतील त्या दिवशी मी ती सांगेन, आणि तू माझ्याशी बोलत नसलास तरी सांगेन.

आईला अजून काही सांगू नका. ते मी आलो की बसून सांगू.

वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. बोललो मी.

तुझा धाकटा,
एमट