पट्टा कोणाच्या खांद्यावर

मी, विमला अभय मोहिते, वय सहासष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार नाचणे रोड, रत्नागिरी, माझ्यामागे काय कोणाला जावं हे आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोकं ठिकाणावर आहे. मान किंचित डावीकडे झुकलेली आहे, पण कायदा मानेची चौकशी करत नाही असं वकीलसाहेब म्हणाले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तिथले डॉक्टर "अजिबात काळजी करू नका" असं पुन्हा पुन्हा म्हणाले, तेव्हा हे लिहायला घेतलं.

कलम १. राहतं घर आणि दारातली दोन कलमं (आंब्याची, या कागदातली नव्हेत) माझा मुलगा प्रथमेश याला मिळावीत. तो ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मे महिन्यात येतो, आंबे खातो आणि "आई, आता बंद कर ते सगळं" असं सांगून जातो. मुलगा गुणी आहे. घराबरोबर माझा मानेचा कॉलरही त्यालाच द्यावा. दिवसभर खाली बघून काम करतो, लवकरच लागेल.

कलम २. बँकेतली ठेव अर्धी प्रथमेशला. उरलेली अर्धी पाली गावातल्या आमच्या विहाराच्या सभागृहाला. अट एकच. त्या पैशातून मंचामागे साधा पांढरा पडदा लावावा. सध्या तिथे देणगीदारांच्या चेहऱ्यांचा बॅनर आहे आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक नवरीच्या डोक्यातून एक माजी सरपंच उगवलेले दिसतात. माझा फोटोही लावू नये. मला उगवायचं नाही.

कलम ३. पुढची वाटणी समजायला थोडी हकिकत सांगणं भाग आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात हकिकत नसते." मी म्हटलं, "मग वारसांना भांडायला काय राहील?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला लिहू दिलं.

माझे पती कालकथित अभय यांचा मारुती मंदिरापाशी फोटो स्टुडिओ होता. लग्नात हळदीला, चुडा भरायला बायकांच्या खोलीत त्यांना शिरू देत नसत, म्हणून त्यांनी मला कॅमेरा शिकवला. सासूबाई सावित्री यांना ते पसंत नव्हतं. "बाईच्या गळ्यात काय शोभतं ते ठरलेलं हाय. त्यात हे काळं डबडं बसत नाय," असं त्या मला न सांगता, मला ऐकू येईल अशा बेताने शेजारणीला सांगत.

अभय गेले आणि दोन्ही कॅमेरे माझ्याकडे आले. एक जवळचं टिपणारा, एक लांबचं. लोक विचारतात, एकावर का भागत नाही? आमच्या बौद्ध लग्नात भागेल. आम्ही फुलं टाकतो, फुलं कॅमेऱ्यात शिरत नाहीत. बाकीच्यांच्या लग्नात अक्षता असतात. एकदा ऐन मंगलाष्टकांत मी भिंग बदलायला कॅमेरा उघडला आणि नवऱ्यामुलाच्या मामाने मोठ्या मनाने मूठभर तांदूळ माझ्या दिशेने उधळले. त्यातला एक आत गेला. पुढच्या सगळ्या फोटोंत वधूवरांच्या मधोमध एक अक्षत तरंगत होती. तेव्हापासून दोन कॅमेरे एकाच वेळी अंगावर.

अंगावर म्हणजे गळ्यात. कॅमेऱ्याच्या खोक्यात पट्टा फुकट मिळतो. बोटभर रुंदीचा, वर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत. माल आपण विकत घ्यायचा आणि जाहिरात आपल्याच मानेवर करायची! असे दोन पट्टे घालून मी चालायला लागले की दोन्ही कॅमेरे एकमेकांवर आपटत, नि वाजंत्री आली समजून लोक वळून बघत. मानेवर जू ठेवल्यासारखा वळ उठला. आमच्या डॉक्टर रेणुकाताई लिमये यांनी एक्स-रे उजेडावर धरून विचारलं, "बैलगाडी ओढता का?" मग कॉलर आला. तो घालून मी लग्नाला गेले आणि पाहुण्यांनी नवरीपेक्षा माझीच चौकशी जास्त केली.

कलम ४. प्रथमेशने मुंबईहून पट्ट्यांचं एक जाकीट पाठवलं. त्यावर लिहिलं होतं की हे सर्वांना बसतं. ज्याने ते शिवलं त्याच्या घरी बाई नसावी, किंवा असली तर त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नसावं. दोन्ही पट्टे छातीवर नेमके नको तिथे एकमेकांना छेदत. वर घट्ट केलं तर दम कोंडे, सैल केलं तर कॅमेरे गुडघ्यावर येत. साडीवर ते घालून मी मंडपात शिरले तेव्हा एका आजोबांनी नमस्कार करून विचारलं, "गॅसची तपासणी आहे का?"

हेच घालून मी मालगुंडला एका लग्नाला गेले. आंब्याच्या बागेत मांडव होता, मे महिना होता. पंगतीचा फोटो घ्यायला वाकले आणि जाकिटाला कॅमेरा धरून ठेवणारा स्क्रू सुटला. लांबचं टिपणारा कॅमेरा भिंगासकट सोलकढीच्या पातेल्यात गेला. आवाजही फारसा झाला नाही. मी कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर काढलं. तो गुलाबी झाला होता. वरबाप धावत आले. मला वाटलं, माझी विचारपूस करतील. त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "कॅमेरा पुसलेला होता ना?" मी हो म्हटलं. पंगत उठली तेव्हा पातेलं रिकामं होतं.

प्रथमेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, दर वेळी स्क्रू तपासायला सांगितलंय त्यात. माहिती वाचली नाहीस का?"

"वाचली. त्यात सोलकढीचा उल्लेख नाही."

त्या दिवशी घरी येऊन मी ओटीवर बसले आणि रडले. कॅमेरा गेल्याचं होतंच. पण आता हा धंदा आपल्याच्याने होणार नाही, लोक म्हणतात ते खरं, असं पहिल्यांदा वाटलं होतं. सासूबाई आतून आल्या. अंगाला कोकमाचा वास मारणाऱ्या सुनेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊठ गो. हात वर कर."

त्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्या होत्या. खाटेच्या जुन्या नवारीची पट्टी काढली, तिला आतून मऊ लुगड्याचं अस्तर लावलं आणि माझी मापं घ्यायला लागल्या. एकाच घरात इतकी वर्षं राहून आम्ही दोघी एकमेकींच्या एवढ्या जवळ कधी उभ्या राहिलो नव्हतो.

"श्वास घे. घेता येतो?"

"येतो."

"खोटं बोलू नको. तोंड लाल झालंय."

पहिला पट्टा अगदीच फसला, त्यात हात खांद्याच्या वर जाईना. दुसरा मी वाकले की एका खांद्यावरून घसरे. त्या चिडत, उसवत, मला पुन्हा उभं करत. मी कॅमेऱ्यांऐवजी दोन तांबे लटकवून घरभर फिरे आणि त्या मागून बघत. शेवटी जमला तो असा: भार दोन्ही खांद्यांवर, पट्ट्या पाठीवर एकमेकींना छेदणाऱ्या, पुढे छातीवर काहीच नाही, कॅमेरे कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि ते झुलू नयेत म्हणून खाली एक बंद. मिरकरवाड्याला बोटींचं सामान मिळतं तिथून मी पितळी हूक आणले, खाऱ्या हवेत गंजत नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याला सासूबाईंनी एक जादा दोरीही बांधली. "एक सुटली तर दुसरी धरंल," म्हणाल्या.

शेवटचा टाका घालताना त्या माझ्या पाठीमागे होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. "गळ्यात आता काय नको घालू," त्या म्हणाल्या. "पुष्कळ घातलंस. खांद्यावर घे."

सोलकढीत गेलेल्याच्या जागी दुसरा कॅमेरा हप्त्यांवर घेतला आणि त्या पट्ट्याने मी सासूबाई असेपर्यंत आणि त्या गेल्यावरही लग्नं केली. कॉलर कपाटात गेला.

कलम ५. माझे धाकटे दीर नितेश मोहिते यांना काहीही मिळू नये. कारणं थोडक्यात देते.

नितेशभावोजीही फोटोग्राफर आहेत. त्यांच्याकडे तपकिरी चामड्याचा, पितळी कड्यांचा, सिनेमातल्या डाकूला शोभेल असा पट्टा आहे आणि त्याला दोन कॅमेरे लटकलेले असतात. एकात बॅटरी नसते. ही जोडी घालून ते मासळी बाजारातही जातात. लग्नात स्वतः पुढाऱ्यांशी बोलत उभे राहतात आणि फोटो त्यांची मुलगी ईशा काढते. अल्बमवर नाव त्यांचं.

माझा पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा भर मांडवात ते ओरडले, "वहिनी, झोळी घेऊन कुठे निघालात?" लोक हसले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या दुकानावर बॅनर लागला: दोन कॅमेऱ्यांचा आरामदायी पट्टा, मूळ संशोधक नितेश मोहिते. नवार परवडत नाही म्हणून रेक्झिन आणि जादा दोरी अनावश्यक म्हणून रद्द. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या पोरांना त्यांनी ते विकले. उन्हात रेक्झिनचा रंग सुटला. संबंध हंगामभर पुळ्याचे फोटोग्राफर पाठीवर काळी फुली घेऊन हिंडत होते. कॅमेरे किती पडले ते समुद्राला माहीत.

याबद्दल मी काही बोलले नाही. सासूबाईंच्या कामाचं श्रेय त्यांच्याच मुलाने घेतलं, घरातच राहिलं, असं मनाला समजावलं. ते समजलं नाही.

माझ्या पुढ्यात मोबाईल उंच धरून उभ्या राहिलेल्या सर्व गावच्या सर्व मामांना मात्र मी या कलमान्वये माफ करते.

कलम ६. मारुती मंदिराजवळचा स्टुडिओचा गाळा, त्यावरची अभय यांच्या हातची पाटी आणि दोन्ही कॅमेरे नितेशभावोजींची मुलगी ईशा हिला मिळावेत. गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला द्यावा आणि कॅमेऱ्यांपैकी एकेक त्याने आणि ईशाने वाटून घ्यावा, असा प्रस्ताव प्रथमेशने मांडला आहे. तो नामंजूर. बैलजोडी वाटून घेत नाहीत. अल्बमवर नाव ईशाचं असावं. तिच्या वडिलांनी दुकानात येऊन खुर्चीवर बसायला हरकत नाही. खुर्ची ग्राहकांसाठी आहे.

कलम ७. पट्ट्याबद्दल मी आधी असं लिहिलं होतं: "सदर पट्टा काचेच्या पेटीत जसाच्या तसा जपून ठेवावा." हे वाक्य मी खोडलं आहे. कारण असं.

पालीच्या विहारातलं एक लग्न मी आधीच कबूल केलं होतं. छाती उघडायची असल्याने डॉक्टरांनी मला वजन उचलायला मनाई केली. मी ईशाला बोलावून पट्टा घालायला दिला. ती माझ्याहून वीतभर उंच, खांद्यांनी रुंद आणि डावखुरी. कॅमेरे तिच्या बरगड्यांवर आले. हात घालायला गेली तर हूक उलट्या बाजूला.

"काकी, हा उसवायला लागेल," ती म्हणाली.

"आजीच्या हातची शिवण आहे ती!" मी एवढ्या जोरात ओरडले की छातीत कळ आली.

ती घाबरली, मला पाणी दिलं, पण पट्टा खाली ठेवला नाही. "आजीने तुझ्या मापाचा शिवला ना? मग मी काय करू, बुटकी होऊ? बाबांचा पट्टा घालून जाते. पडेल कॅमेरा तर पडेल."

मी स्वयंपाकघरात गेले. कोणालाच नको असलेला चहा केला. सासूबाईंनी माझ्यासाठी दोन पट्टे उसवले होते, तेव्हा त्यांना कोणाची शिवण आठवली होती? बाहेर आले ती कात्री घेऊनच.

टाके इतके घट्ट होते की दुपार त्यातच गेली. ईशा बोटं टोचून घेत आजीच्या नावाने बोटं मोडत होती आणि मी, आजन्म त्यांची बाजू न घेतलेली सून, म्हणत होते, "हळू गो, मोठं काम आहे ते." नवी पट्टी जोडली, हूक उलटे लावले. जुनी नवार मळकी, नवी पांढरीफेक. दिसतो भिकार.

रविवारी ती लग्नाला गेली. मी दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारल्या. संध्याकाळी ती आली, दोन्ही कॅमेरे अंगावर तसेच, आणि दारातूनच सांगायला लागली: नवरी कशी हसली, नवऱ्याची बहीण उखाणा कशी विसरली, माजी सरपंचांना तिने कसं चौकटीबाहेर ठेवलं.

"मान कशी आहे?" मी मध्येच विचारलं.

"कोणाची?" ती म्हणाली.

सबब, सदर पट्टा ईशा हिला मिळावा. तिने तो पाहिजे तितक्या वेळा कापावा.

कलम ८. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, पुढे उगाच शंका निघतात, असं वकीलसाहेबांनी बजावलं. त्यामुळे निवड सोपी गेली. दुसऱ्या साक्षीदार डॉ. रेणुकाताई आहेत. त्यांनी मला शुद्धीवर असल्याचा दाखला दिला, मानेबद्दल मौन पाळलं.

पहिले साक्षीदार चामड्याचा पट्टा घालून आले आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते हे त्यांना सांगून झालं आहे. हे शेवटचं कलम मी ते बाहेर चहा घेत असताना लिहिते आहे. चहाला जाताना दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, यात माझं नाव आहे ना?"

मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या सहीशिवाय हा कागद पुराच होत नाही."

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर खाली सही केली. त्यांनीही माझ्या समोर केली.

सही: विमला अभय मोहिते

साक्षीदार १: नितेश भिकू मोहिते, फोटोग्राफर व संशोधक (हे शब्द त्यांनी स्वतः लिहिले)
साक्षीदार २: डॉ. रेणुका लिमये

ठिकाण: रत्नागिरी
तारीख: १२ फेब्रुवारी २०२५