सातव्या प्रकरणाची कोरी पानं

मल्हारगंज, इंदूर
२ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलोचना हिस,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून पत्रच.

एकोणीस तारखेला विजय नगरला विज्ञानकथा संमेलन आहे. ‘शनीवरची पाणपोई’ लिहिणाऱ्या मनोरमाबाई येणार आहेत. तुझे नाना जाऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यात ती कादंबरी माझी नऊ वेळा वाचून झाली. चौथी शिकलेली बाई शनीवर नांदते म्हणून हसशील.

दुकानात लोकांची बाइंडिंगं करणारा तुझा भाऊ, पण ही कादंबरी क्रमशः यायची त्या मासिकाचे घरचे अंक वर्षभर उघडायचे नाहीत. डिसेंबरात बांधायचे, मगच वाचायचे. एक्क्याण्णव साली बांधायला घेतले तर जुलैचा अंक मिळेना. ह्यांनी सातव्या प्रकरणाच्या जागी सोळा कोरी पानं शिवली आणि पोस्टमनला बोल लावला. आजवर कुणाला बोलले नाही ते सांगते. तुझ्या लग्नाच्या धांदलीत रद्दी मी काढली होती. अंक त्यातच गेला असणार. ह्यांच्यापाशी कबूल करायचं राहूनच गेलं. निदान त्या प्रकरणात काय होतं ते बाईंना विचारावं. चार दिवस जेवण जात नाही. जाऊ का?

तुझी वहिनी
पद्मजा

नागपूर
८ जानेवारी

ती. पद्मजावहिनींस,
शि. सा. न. वि. वि. जाऊ का म्हणून काय विचारता! ती अंजिरी साडी नेसा, आणि लेखिका दिसली की खांबामागे लपू नका.

रद्दीचं नानाला ठाऊक होतं. पुढच्या राखीला मला म्हणाला होता, तिच्यापुढे त्या अंकाचं नाव काढू नकोस, उगाच रडत बसेल. पोस्टमन बिचारा तुमच्यापायी बदनाम झाला.

लिहा लवकर. जीव टांगणीला आहे.

तुमची सुलू

मल्हारगंज, इंदूर
२१ जानेवारी

चि. सौ. सुलोचना हिस,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचताना दोनदा दूध उतू गेलं.

गेले. अंजिरीच नेसले. रिक्षावाला भिया विचारत होता, माताजी, वहाँ शादी है क्या. आत पोरं चांदीच्या कागदाचे पोशाख घालून हिंडत होती. मनोरमाबाई माझ्याच वयाच्या, गुडघे चोळत बसलेल्या. मी नेलेल्या बांधीव अंकांतली कोरी पानं पाहून हसल्याच. म्हणाल्या, जुलैचा अंक निघालाच नव्हता. छापखान्यात पाणी शिरलं आणि प्रकरणाची एकुलती प्रत भिजली. परत लिहिणं जिवावर आलं. संपादकांनी ऑगस्टच्या पहिल्याच पानावर माफी छापली होती.

सुलू, बांधण्याआधी कव्हरं आणि पुढची जाहिरातींची पानं फाडायचं काम माझं. त्याच पानांनी मी बाइंडिंगची खळ शिजवायची शेगडी पेटवायची.

म्हणजे रद्दीची चूक मी केलीच नव्हती, ती ह्यांनी पोटात घातली. केली ती, माफीचं पान जाळल्याची, दोघांनाही कळली नाही. आता हे सांगायला माणूस कुठाय?

बाई प्रकरण सांगायला लागल्या, तर मीच थांबवलं. इतकी वर्षं दोघांना माहीत नव्हतं, ते एकटीने ऐकवेना. त्यांनी नंबर दिलाय, फोनवर सांगते म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या ह्या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या चालू आहेत. तू ये. ह्यांच्या बाजूने कुणीतरी बसायला हवं.

लोभ आहेच, तू तिकीट तेवढं काढ.

तुझी वहिनी
पद्मजा