आईंची बटणं

युट्रेख्ट, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही बरं बरं म्हणून सोडून देता, म्हणून हे पत्र.

माझी तब्येत ठीक आहे. उलट्या थांबल्या. बाळंतपणाची तारीख जुलैच्या अखेरची आहे. तुम्ही जूनमध्ये यावं असं आम्हां दोघांना वाटतं. सारंगनं विचारलं तेव्हा तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगितलंत. तेच गुडघे घेऊन जानेवारीत तुम्ही आमच्या मोटरहोमच्या पायऱ्या माझ्याआधी चढत होतात, हे मी विसरलेले नाही. तेव्हा खरं कारण लिहा.

लोभ आहेच, तो इकडे येऊन करावा ही विनंती.

आपली,
कीर्ती

सांगली, १ मार्च २०२६

चि. सौ. कीर्ती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू खोदून विचारतेस म्हणून लिहिते. निजण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करायची ही माझी लग्न झाल्यापासूनची सवय. गावाबाहेर तुमच्या गाडीत मुक्काम केला त्या रात्रीही फिरले. एक लाल दिवा जळत होता, खाली तिकडच्या कुठल्याशा भाषेत काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, गिझर राहिला. आपल्याकडे गिझर चालू ठेवून कोणी निजतं का? बंद केला.

सकाळी उणे नऊ थंडी आणि गाडी दोनदा खोकून गप्प. अकराला युट्रेख्टला तुझी सोनोग्राफी होती. बाळाचे ठोके मला ऐकवायचे म्हणून किती दिवस आधीपासून ठरवलं होतंत. ते हुकलं आणि दुसऱ्या दिवशी माझं विमान. सारंग दिवसभर चकार शब्द बोलला नाही. त्याचे बाबा ओरडायचे आणि पाच मिनिटांत चहा मागायचे, ते परवडलं. हा परक्यासारखा गप्प बसला.

इथे माझा हात सगळीकडे आपोआप जातो. तुमच्याकडे शेगडीसुद्धा काचेची, बोट लागलं की काहीतरी चालू नाहीतर बंद. उद्या बाळाच्या खोलीत मी भलतंच काही बंद केलं तर? शिवाय तिकडे बाळंतिणीकडे सरकारी नियमानं नर्स येते असं तूच म्हणालीस. मग माझं काय काम?

लोभ आहे आणि राग नाही, हे सारंगला सांग.

तुझी,
आई

युट्रेख्ट, २१ मार्च २०२६

तीर्थस्वरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. पाडव्याला खिडकीत गुढी उभारली, तेव्हा शेजारच्या डच आजींनी तांब्या उलटा का म्हणून विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही असतात तर मराठीतून सांगितलं असतंत आणि त्यांना कळलंही असतं.

आता बटणांचं ऐका. फळीवरची पहिली तीन गाडीतल्या घराची: दिवे, पाण्याचा पंप, पंखा. ती निजताना बंद करणं बरोबरच, नाहीतर घराची बॅटरी उतरते. सारंग नेहमी विसरतो. चौथं, लाल दिव्याचं, इंजिनाच्या हीटरचं. तो बाहेरच्या खांबावरून घेतलेल्या विजेवर चालतो. गिझरसारखं पाणी उकळत नाही, थंडीनं आखडलेल्या इंजिनातलं पाणी नुसतं कोमट ठेवतो, म्हणजे सकाळी ते कुरकुर न करता उठतं. आमची गाडी नॉर्वेहून आलेली म्हणून तिला तो आहे. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला की रात्रभर ठेवायची गरजच नाही, निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. म्हणजे निजताना बंद केलंत ते चुकलं नाही, पहाटे चालू करायला कोणी नव्हतं एवढंच. आता टायमर लावला आहे.

सारंगला मी सरळ विचारलं. बाबा गेल्यापासून आईला काहीतरी आनंदाचं आपल्या हातानं द्यावं असं त्याच्या मनात होतं, म्हणून त्यानं सोनोग्राफीला तुमच्या विमानाच्या आदल्या दिवसाची तारीख मागून घेतली होती. ती हुकली आणि तोंड उघडलं तर तुमच्यासमोर रडू येईल म्हणून तो गप्प राहिला. तुमचाच मुलगा. मनातलं बोलायचं तर तोही गुडघ्यांचं कारण सांगेल.

नर्स आठ दिवस येते आणि जाते. बाळ झालं की इथे टोस्टवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या घालून पाहुण्यांना देतात, पण डिंकाचे लाडू कोणी करत नाही. माझी आई नाही म्हणून तुम्हाला बोलावते आहे असं समजू नका. ती असती तरी मी दोघींना बोलावलं असतं. मला भीती वाटते, आई, आणि ती मी इथे कोणाला सांगत नाही.

नंतरच्या तपासणीत केलेलं ठोक्यांचं रेकॉर्डिंग फोनवर पाठवलं आहे. ऐकू येतं का पाहा.

लोभाची वाट पाहणारी,
कीर्ती

सांगली, १० एप्रिल २०२६

चि. सौ. कीर्ती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेकॉर्डिंग लावलं तर काहीच ऐकू येईना. पंखा बंद केला. मग फ्रीजची घरघर मध्ये यायला लागली, तो बंद केला. शेवटी मेन स्विचच खाली ओढला, खिडक्या लावल्या आणि फोन कानाशी घट्ट धरून देवासमोर बसले. तेव्हा ऐकू आलं. किती घाईनं धावतंय गं ते. किती वेळा ऐकलं हे सांगत नाही, हसशील. ह्यांची फार आठवण आली.

नंतर मेन स्विच वर करायचं साफ विसरले. संध्याकाळी घरात अंधार पाहून शेजारच्या लीलावतीबाई घाबरून धावत आल्या. फ्रीजमधलं दूध नासलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही.

जूनचं तिकीट काढा. डिंक मी इथूनच आणते. भीती वाटली की मला सांगायची, अर्धी ऐकू आली तरी पुरेल. सारंगला म्हणावं, रडायचं असेल तर आईसमोर रडावं.

आणि पुढच्या थंडीत तो टायमर काढून ठेवा. पहाटे बटण चालू करायला मी उठतेच.

तुम्हां तिघांची,
आई