एका बिनछपरी गाडीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने दंतवैद्य, आता निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. सत्तरी ओलांडल्यावर जी बाई गाडीचा क्लच स्वतः बदलते तिच्या बुद्धीबद्दल माझ्या यजमानांना शंका आहे, पण वकिलांच्या मते कायद्याला तेवढी शंका चालते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात गाडी नव्हती, म्हणजे वाटण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

कलम १. राहते घर यजमानांना आणि त्यांच्यामागे मुलगा व मुलगी यांना समसमान. घराला लागून असलेले गॅरेज मात्र गाडी तिथे उभी आहे तोवर गाडीचे राहील. यजमानांनी तिथे जुनी वर्तमानपत्रे रचू नयेत. आजवर त्यांनी एकेक गठ्ठा हळूच आत सरकवून पाहिला आहे आणि माझ्या लक्षात येत नाही असे त्यांना वाटते.

कलम २. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. एवढेच कसे, असे कुणी विचारू नये. गॅरेजचे दार उघडून बघावे.

कलम ३. गाडीची हकीकत इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे वेड्यासारखी वाटतील. ही गाडी कारखान्यातून तयार होऊन आलेली नाही. ती लाकडी खोक्यांतून सुटी आली: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचे पत्रे, चाकांचे दांडे आणि चित्रांचे एक पुस्तक. एका गृहस्थांनी ती हौसेने मागवली होती आणि बायकोने हौसेसकट घराबाहेर काढली होती. ती खोकी मी घेतली. इंजिन एका अपघातात चेपलेल्या साध्या घरगुती गाडीचे बसवले.

हे मी एकटीने केले नाही. यजमानांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, लोखंडी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचे वर्कशॉप चालवते. वेल्डिंगमुळे आणि स्वभावामुळे तिला सगळे ठिणगी म्हणतात. नणंद-भावजयीचे पटत नाही असे जग म्हणते. आमचे त्या खोक्यांवरून पटले. दर रविवारी ती ॲप्रन घालून यायची, मी दवाखान्यातला कोट घालून, आणि यजमान मागितलेल्या मापाचा सोडून दुसरा कुठलाही पाना हातात द्यायचे. गिअरबॉक्स खालून वर चढवायला आमच्याकडे जॅक नव्हता. मी दवाखान्यातली जुनी पेशंटची खुर्ची आणली, गिअरबॉक्सला तिच्यावर झोपवले, पायाने पेडल दाबले आणि तो आपोआप जागेवर गेला. "तोंड उघडा म्हण त्याला," ठिणगी म्हणाली होती. ती खुर्ची भंगारात देऊ नये.

अशा गाडीचा सगळा जीव तिच्या हलकेपणात असतो. चार माणसांनी मागून उचलली तर जागच्या जागी वळते. त्यामुळे तिच्यात बसू पाहणाऱ्या प्रत्येक वस्तूला आम्ही जाब विचारायचो: तुझे इथे काम काय? छप्पर नाही, रेडिओ नाही, काचा खालीवर नाहीत. दारेसुद्धा नव्हती. कडेवरून तंगडी टाकायची आणि आत घसरायचे. यजमान एकदाच बसले. उतरल्यावर म्हणाले, "घरात कुणीतरी जमिनीवर राहायला हवं," आणि तेव्हापासून ते जमिनीवर आहेत.

कलम ४. हत्यारे. घट्टपणा मोजून बोल्ट आवळणारा मोठा पाना सुनेला. घरात एकटी तीच अशी आहे की घेतलेली वस्तू जागेवर ठेवते. दातांचा आरसा, ज्याने आम्ही इंजिनाच्या मागची बाजू बघायचो, मुलीला. तिला लहानपणापासून दुसऱ्याच्या भानगडीत डोकावायची आवड आहे.

कोपऱ्यावरच्या कापड दुकानदाराला काचेची एक बरणी द्यावी. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा हे गृहस्थ चारचौघांत म्हणाले होते की बायकांनी जोडलेली गाडी पहिल्याच वळणावर उलगडेल. बरणीत गाडी जोडून झाल्यावर उरलेले नटबोल्ट आहेत. ते कुठले, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. आता त्यांनी काळजी करावी.

कलम ५. गाडी. इथे मला जरा सविस्तर लिहू द्यावे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मोडेन पण वाकणार नाही ही म्हण त्या गुडघ्याने शब्दशः खरी केली होती. मी इस्पितळात असताना ठिणगीने गॅरेजची किल्ली मागून घेतली. यजमानांनी दिली आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. मी काठी टेकत घरी आले तेव्हा ती गाडीशेजारी उभी होती. गाडीच्या कडेला तिने एक छोटे दार केले होते. पत्रा कापून, बिजागऱ्या लावून, रंग देऊन.

"वहिनी, बस," ती म्हणाली. "पाय उचलायला नको."

मी म्हणाले, "तू माझ्या गाडीला भोक पाडलंस."

"माझ्या?" ती म्हणाली. "अगं, आपल्या गाडीला म्हण की."

"कागदावर नाव कुणाचं आहे?" असे मी विचारले. तिने किल्ली खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली. ती परत आलेली नाही. रविवार येतात आणि जातात.

माझी बाजूही नोंदवावी. ज्या गाडीतून आम्ही चिमूटभर वजन काढायला ब्रॅकेटांना भोके पाडली, त्याच गाडीत तिने न विचारता दार, कडी, बिजागऱ्या असा संसार थाटला. शिवाय कडेचा पत्रा कापला की अशी गाडी लवचिक होते आणि वळणावर अंग टाकते, हे तिनेच मला शिकवले होते. विचारायला हवे होते. आजही माझे हेच म्हणणे आहे आणि त्यावर मी गेली दोन वर्षे ठाम राहून, नव्या गुडघ्यानिशी, दार न उघडता कडेवरूनच गाडीत चढते आहे. डॉक्टरांना हे कळवू नये.

परंतु सत्य लपवून मृत्युपत्र करू नये. मी गाडीखाली झोपून पाहिले आहे. दाराखाली तिने आडवी एक नळी जोडली आहे, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी, आणि ते सांधे इतके नीट आहेत की बोट फिरवले तरी कळत नाहीत. गाडी पूर्वीपेक्षा कडक झाली आहे. नदीकाठच्या लांब वळणावर ती आता रुळावरून चालल्यासारखी जाते. हे मी ठिणगीला सांगितलेले नाही. इथे सांगते, कारण मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात आणि तेव्हा तिला माझ्यापुढे मिरवता येणार नाही.

सबब ही गाडी, तिच्या दारासकट, मी माझ्या नणंदेला देते. ती दुसऱ्या कुणाच्या हातात मला बघवणार नाही. शेजारची सीट रिकामी घेऊन चालवायची सवय मला अजून लागलेली नाही. गाडी एका बाजूला कलते असे मी गॅरेजवाल्याला सांगते. त्याने सगळे तपासले, काही सापडले नाही. मला ठिणगीची फार आठवण येते.

कालपर्यंत कागद इथे संपत होता. पुढचा मजकूर हाताने लिहिला आहे.

आज सहीचा दिवस. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे घड्याळजी तयार होते. दुसरी म्हणून माझ्या दवाखान्यातली जुनी नर्स यायची होती, तिला ताप आला. यजमान म्हणाले, "मी बघतो," आणि वर्कशॉपमधून बहिणीलाच घेऊन आले. कागदात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ठिणगी ॲप्रनसकट आली, काळा चष्मा कपाळावर. माझ्याकडे न बघता घड्याळजींच्या शेजारी बसली.

आमचे वकील तरुण आहेत आणि रीतीला पक्के. सहीआधी सगळे मोठ्याने वाचायचे, अशी त्यांची पद्धत. मी कलम पाच सोडा म्हणेपर्यंत ते अर्ध्यावर पोचले होते. मग थांबवून उपयोग नव्हता. नळीचे वाक्य आले तेव्हा घड्याळजींनी खोकून घेतले. शेवटचे वाक्य वाचताना वकिलांचाच आवाज खाली गेला.

ठिणगी म्हणाली, "म्हणजे हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

"कागदाची रीत तशीच असते," मी म्हणाले.

वकील म्हणाले, "एक अडचण आहे. ज्यांना यातून काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीदार होऊ नये. ताईंनी सही केली तर गाडी त्यांच्या हातून जाईल."

"मग मी दुसरं कुणीतरी आणतो," यजमान उठत म्हणाले.

"दादा, तू खाली बस," ठिणगी म्हणाली. "गाडीसाठी मी काय हिच्या मरणाची वाट बघत बसू? आणि मिळाली तरी शेजारी बसणार कोण, तू?"

"मी नाही," यजमान म्हणाले.

"मग पेन द्या इकडे."

मला रडू आले, हेही नोंदवते. तिलाही आले, पण ती वेल्डिंगचा धूर म्हणाली.

सबब कलम पाचातील देणगी रद्द. माझ्या पश्चात गाडी माझी मुलगी आणि माझी सून या दोघींना मिळून द्यावी. त्याही नणंद-भावजयी आहेत आणि अद्याप त्यांचे विशेष पटत नाही. त्यांना रविवार मोकळे ठेवायला सांगावे. मी हयात असेपर्यंत गाडी आम्हा दोघींची. गाडीच्या कागदावर ठिणगीचे नाव चढवण्याचा अर्ज वकिलांनी आजच करावा.

स्थळ: आमचे गॅरेज, कागद बॉनेटवर ठेवून.

मृत्युपत्र करणार: सही केली आहे.

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी, यांनी माझी सही डोळ्यांनी पाहिली.

साक्षीदार दुसरी: माझी नणंद, हिनेही पाहिली व सही करून उठली.

दिनांक वकिलांनी भरावा. मला वेळ नाही. ती जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली आहे आणि आज चालवायचा नंबर माझा आहे.