काढा, दही आणि मामाची सात मंगलाष्टकं

हिंगणघाट,
बुधवार, सकाळ

चि. सौ. नलूस प्रभाकरदादाचा आशीर्वाद.

तुझे गुडघे, बाबारावांची शुगर आणि सुरभीच्या लग्नाची धावपळ, तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो, कारण नसतील तरी विचारायला माझ्याकडे आवाज नाही. रविवारपासून गेला आहे तो गेलाच आहे. म्हणून हे पत्र. (फोन लावला असता, पण तू 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देशील आणि बाबारावांना सांगशील की कोणी तरी नुसता श्वास घेऊन राह्यला. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तर तू उत्तरात अंगठा पाठवतेस. अंगठ्याने माझं समाधान होत नाही.) शनिवारी शेजारचे अण्णाजी देवळीला जाणार आहेत, त्यांच्या हाती हे देईन.

झालं असं, की मागच्या गुरुवारी तुमच्याच पत्रिका वाटायला तळेगावला (श्यामजीपंत) गेलो होतो. पहाटेची बस, खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, आणि शेजारच्या माणसाला शिंक आली की तो तोंड माझ्याकडे वळवायचा. पलीकडे बाई बसली होती, तिच्यावर कसं शिंकायचं, एवढी त्याला सभ्यता होती. शुक्रवारी माझं नाक गेलं, शनिवारी घसा, आणि रविवारी मंगलाष्टकांच्या सरावाला देवापुढे उभा राहून तोंड उघडलं तर सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. म्हणाले, सर्दीच आहे, घसा सुजला आहे, वाफ घ्या, गरम प्या, बोलू नका, आठ-पंधरा दिवसांत येईल आवाज. नलू, आठ की पंधरा? लग्न चौदाव्या दिवशी आहे! आठ धरले तर मी माइकसमोर उभा आहे. पंधरा धरले तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या मांडवात गातो आहे.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. तूच असं म्हणशील याची मला खात्री आहे, म्हणून आठवण देतो. जिनिंगमध्ये बत्तीस वर्षं वजनकाट्यावर उभा राहून, मशिनीच्या आवाजाच्या वर आवाज काढून, मी कापसाच्या ट्रॅक्टरचे नंबर ओरडले. त्या आवाजात आपल्या घरातलं एकेक लग्न लागलं आहे. सचिनच्या लग्नात तर पाचव्या कडव्यालाच लोकांनी अक्षता टाकून दिल्या, इतके भारावले होते. आणि तुझी सुरभी सात वर्षांची असताना, कोणाच्या तरी लग्नात माझ्या खांद्यावर बसून, माझा कान धरून म्हणाली होती, "मामाजी, माह्या लग्नात सगळ्यात लांब म्हणजा." हे मी विसरलो नाही. अख्खा हिवाळा बसून सात कडवी केली. दोन्ही घरची सगळी नावं त्यात बसवली. (नवरदेवाच्या आजीचं नाव कसंही वळवलं तरी एक अक्षर जास्तच होई, शेवटी तिला नुसतं 'आजी' केलं.) सहाव्यातली ओळ तेवढी ऐक:

जाते आज घरी नव्याच सुरभी, मामा म्हणे थांब गे

('च' वृत्तासाठी आहे, तिकडे लक्ष देऊ नको.) ही ओळ करताना मी स्वतःच दोनदा पाणी प्यायला उठलो. आणि आता ती म्हणायला घसा नाही. देवाने माझं काहीही न्यावं, गुडघे न्यावेत, उरलेले केस न्यावेत, पण ऐन फेब्रुवारीत हे न्यायचं?

आता घरातलं ऐक, हे तर मला अजून कळलेलं नाही. एरवी मी नुसतं नाक ओढलं की तुझी वहिनी गॅसवर भांडं ठेवते. यावेळी सुलोचनाने तुळशीचं एक पान तोडलेलं नाही. उलट रोज ताटात दही. रविवारी दही, सोमवारी ताक, मंगळवारी आंबट कढी आणि संध्याकाळी मीठ लावून वाटीभर बोरं. वर पंखा सुरू. मी पाटीवर लिहून विचारलं, 'घसा बसला, अन् दही काऊन?' तर म्हणाली, "दह्यानं ताकत येते." पस्तीस वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा सांगितलं. एवढ्या प्रेमाने देते म्हणून मी खाल्लं.

शेवटी म्हटलं, आपला काढा आपणच करावा. आईचा काढा तुला आठवत असेलच: अद्रक, तुळस, मिरे, लवंग, गवती चहा, जेठीमध, वायगावची हळद, गुळाचा खडा आणि चार ग्लास पाण्याचं एक ग्लास. सोमवारी मी चहाच्या गंजात सगळं टाकलं, गॅस बारीक केला आणि चाराचं एक होईपर्यंत सातवं कडवं पाहू म्हणून समोरच्या खोलीत येऊन बसलो. नाक बंद, त्यामुळे वास नाही. मान वर केली तेव्हा स्वयंपाकघरातून धूर येत होता आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत, एकदम उठता येत नाही. एरवी मी हाक मारली असती तर वेणा नदीच्या पलीकडून माणूस धावत आला असता. आता काय करणार? हाताशी देवघर होतं, घंटा होती, ती जोरजोराने वाजवली. सुलोचना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने (नंतर तिनेच सांगितलं) तिथल्या तिथे डोळे मिटले आणि हात जोडले. मी आणखी जोरात वाजवली, तर तिने कान धरून तीन उठाबशा काढल्या. गंज तळापर्यंत जळून गेला. त्यात जे उरलं होतं ते मी चमच्याने खरवडून खाल्लं, कारण माणूस हताश झाला की काहीही करतो.

आणि मुका माणूस म्हणजे बहिरा, असं लोकांनी ठरवूनच टाकलं आहे. अण्णाजी रोज येतात आणि कानाशी येऊन, हातवारे करून, "काढा! घ्या! काढा!" असं ओरडतात. दूधवाल्याचं उलट. मी त्याला कुजबुजत अर्धा लिटर सांगितलं, तर तो इकडेतिकडे पाहून कुजबुजत म्हणाला, "काकाजी, झालं तरी काय?" घरातले तर माझ्यासमोर माझ्याविषयी मी नाहीच असं समजून बोलतात. काल सुलोचना आपल्या पोराला, नीलेशला म्हणाली, घरात कशी शांती आहे. मी समोर बसून बोरं खात होतो.

मंगळवारी आपली सूनबाई सपना मदतीला धावली. पोरगी गुणाची आहे, नीलेशचं नशीब म्हणायचं, पण ती साताऱ्याकडची. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला तीन वर्षांत तीनदा सांगून झालं आहे. पण सांगितलं ते तोंडाने, आणि तोंड आता बंद. मला आठवलं की आई काढ्यात शेवटी सांबाराच्या काड्या टाकायची. म्हणून चिठ्ठी लिहिली: 'काढ्यात सांबार टाकणे, मूठभर.' आणि पांघरूण घेऊन पडलो. तासाभराने सपना मोठ्या कौतुकाने वाडगा घेऊन आली. अद्रक होतं, तुळस होती, मिरे होते, आणि या सगळ्यांच्या मधोमध तुरीची डाळ होती. शेवग्याच्या दोन शेंगा उभ्या होत्या. वरून मूठभर सांबार मसाला. "बाबा, तुमच्याकडचा काढा वेगळाच असतो हं," ती म्हणाली, "सोबत इडली लावू का?" मी पाटी शोधली, पाटीवर पेन्सिल सापडेना. पोरीचा चेहरा एवढा खुलला होता की सगळा वाडगा प्यालो. शेंगाही चोखल्या. गुळाच्या त्या सांबाराने रात्रभर पोटात जे सुरू केलं ते लग्नाच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आज पहाटे उठून मी स्वतः, गॅससमोर उभा राहून, एक मिनिट न हलता, काढा केला. रंग अगदी आईच्या काढ्याचा. ओट्यावर थंड व्हायला ठेवला आणि तोंड धुवून आलो, तर गंज घासून पालथा! सुलोचना म्हणाली, "मले वाटलं काळं पाणीच आहे." नलू, ही बाई चिंचेचं पाणी फेकत नाही, भाताची पेज फेकत नाही. आणि नेमका माझा काढा? मी ओट्याला धरून उभा राहिलो. मग तिने मला दहीभात वाढला.

तर अशी दशा आहे. नाउमेद झालो आहे, खोटं कशाला सांगू. पण तू मांडववाल्याला माइक चांगला ठेवायला सांग, घोगरा का होईना, मी म्हणणार. सातव्या कडव्यात तू आहेस. ती ओळ आत्ता सांगत नाही. बाबारावांना नमस्कार, सुरभीला गोड पापा (देऊ नको, सर्दी आहे).

तुझा,
प्रभाकरदादा

ता. क. (शनिवार) अण्णाजी पत्र न्यायला आले होते, त्यांना दिलं नाही. कारण लिहितो.

गुरुवारपासून वैतागून मी काढाही सोडला आणि दहीही. आज आंघोळीला बसलो, कढत पाणी पायावर पडलं आणि तोंडातून निघालं, "अरे बाप!" अख्खं निघालं. खणखणीत. काढा सोडल्याने आलं की दही सोडल्याने, देव जाणे. तसाच टॉवेलवर सुलोचनाला सांगायला धावलो. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तर ती तुझ्याशी फोनवर बोलत होती, स्पीकर लावून. (मी बहिरा ना!) तू म्हणत होतीस, "वहिनी, अजून आठच दिवस सांभाळा. सचिनच्या लग्नात अकरा मिनिटं मुहूर्त टळला, नवरीची आजी भोवळ येऊन खाली बसली. आमचे व्याही म्हणून राह्यले, मंगलाष्टका रेकॉर्डच्याच लावा. दादाले तोंडावर नाई म्हणाची माही हिम्मत नाई." आणि तुझी वहिनी म्हणाली, "तुमी फिकर नोका करू नलूताई, ह्यायचं दही मी आजपासून पुन्हा सुरू करतो."

नलू, मी दारात उभा राहून रडलो. आलेला आवाज गिळून टाकला. इतकी वर्षं लोक अक्षता लवकर टाकायचे, ते मी कौतुक समजत होतो. एकाने तरी तोंडावर सांगायचं होतं, मी पाचव्या कडव्यावर थांबलो असतो. (चौथ्यावर नसतो थांबलो. खोटं कशाला लिहू.) असो. पोरीच्या मंगल कार्यात माझ्यापायी वाद नको. लाव तुझी रेकॉर्ड. मी मुक्याचा मुकाच राहीन, मागच्या रांगेतून अक्षता टाकीन, आणि आवाज आला हे कोणाला कळणार नाही. तुझी एवढीच इच्छा असेल तर वाईट वाटलं तरी तीही पुरी करतो. कागद दुमडून ठेवला आहे.

आणखी ता. क. (सोमवार) आता सरळच लिवतो, पत्रातली भाषा गेली खड्ड्यात.

काल दुपारी सुरभीचा फोन आला. घरी कोणी नव्हतं, मीच उचलला, अन् सवयीनं गप्प राह्यलो. ते म्हणे, "मामाजी, तुमी बोलू नोका, नुसतं आयका. आईनं मंगलाष्टकायचा पेन ड्राइव्ह आणला, तो मी माह्या पर्समंदी टाकला. मी सात वर्साची होती तवा काय सांगतलं होतं, याद आहे ना? सातही म्हणजा. अन् दही बंद करा." अन् फोन ठेवून देल्ला. मी पुन्हा रडलो, पण यावेळेस आवाजासकट. अण्णाजी भिंतीपलीकडून धावत आले.

आईले सांगजा नोका, असं बी म्हणे ते. तर मी सांगून नाई राह्यलो, लिवून राह्यलो. अन् हे पत्र डाकेत बी टाकत नाई. रविवारी अंतरपाट धरला का तुह्या हातात देईन अन् माइकपाशी जाईन. मुहूर्ताची फिकर करू नको, भटजीले चिठ्ठी देल्ली, अंतरपाट बारा मिनिटं आधीच धराचा. (अकरा मागच्या वेळचे, अन् एक खोकला आला तर.) थर्मास तुह्या वहिनीच्याच पिशवीत आहे, तिले वाटते चहा आहे.

म्हणजे तू वाचत वाचत इथपर्यंत आली असशीन, तर मी पाचव्या कडव्यावर असीन. उठजो नको, पेन ड्राइव्ह शोधजो नको, वाचतच राहाजो. सातव्यात तू आहे:

माझी देवळिची नलू भगिनि ही, डोळ्यांत पाणी उभे

तेवढ्या वख्ती मात्र वर पाहाजो अन् डोळ्यात पाणी आणजो, नाईतर माही ओळ खोटी पडन.