ताडीत भिजवलेले सायलेन्सर

बाबा,

आई म्हणते, गेलेल्या माणसावर इतकी वर्षं राग धरू नये. आईला म्हणायला काय जातं. ती चुलीपाशी होती, मी पाहुण्यांपुढे होते. आज दुपारी शेडमध्ये तुमचा इतका राग आला की पाना खाली ठेवला, हात पुसले आणि लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तसं तुम्ही जिवंत असतानाही माझं कधी ऐकलंत म्हणा.

ओट्यावर जूचंद्रच्या मिठागरावरच्या माणसाची मोटारसायकल आहे. सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जिथे धरतो तिथले दोन्ही स्टड, इंजिनात रुतलेले ते आटेदार दांडे, असे गंजलेत की नट कुठे संपतो आणि स्टड कुठे सुरू होतो ते दिसत नाही. खारा वारा, मिठाचं पाणी आणि पावसाळाभर गाडी उघड्यावर. ‘स्टडला डोकं नसतं, म्हणून त्याच्याशी आपण डोक्यानं वागायचं,’ असं तुम्ही मला पहिल्या दिवशी म्हणालात आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसलात. तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. तुम्ही खाडीच्या बांधावरून गाडीसकट खाली गेला होतात, उजवं मनगट मोडलं होतं, आणि हाडवैद्यानं ते वाकडंच जुळवून दिलं होतं. कप धरता यायचा, पान लावता यायचं, पण पाना धरला की हात सुन्न व्हायचा. शेडच्या मागच्या भागात गोणपाटाचा पडदा लावलात आणि मला हाक मारलीत, ‘बाय, जरा इकडे ये गो.’ ते ‘जरा’ चार पावसाळे चाललं.

शिकवलंत मात्र मन लावून, ते नाकारत नाही. आदल्या संध्याकाळी स्टडच्या मुळाशी रॉकेल सोडायचं. सकाळी ब्लोलॅम्पनं भोवतालचं ॲल्युमिनियम तापवायचं, स्टड नाही. तापलं की आगाशीच्या बाजारातून आणलेली मेणबत्ती मुळाशी टेकवायची. मेण वितळून आट्यांमधून आत ओढलं जातं. मग जुना नट काढून स्टडवर दोन नवे नट एकमेकांवर आवळून बसवायचे आणि खालच्याला पाना लावायचा. आणि सोडवायच्या आधी, आवळायचा! केसभर आवळायचा, मग केसभर सोडायचा, परत आवळायचा. मी घाई केली की तुम्ही वाकड्या हातानं माझ्या डोक्यात टपली मारायचात. ‘गंजाला उपटायचं नसतं, त्याला फसवायचं असतं.’ सगळ्यात महत्त्वाचं, स्टड मऊ लागला की थांबायचं. लोखंड तुटायच्या आधी मऊ लागतं, पान्यातून तळहाताला कळतं. ते तुमच्या तळहाताला कळेनासं झालं होतं आणि माझ्या तळहाताला कळत होतं, एवढाच आपल्या दोघांमधला फरक. एवढ्याशा फरकासाठी मला पडद्यामागे बसवलंत.

पुढच्या बाजूला तुम्ही स्वच्छ सदरा घालून बसायचात. गिऱ्हाईक यायचं, पैसे देताना तुमच्या पाया पडायचं बाकी ठेवायचं. ‘मास्तर, तुमच्या हाताला गुन हाय बगा. विरारच्या मिस्त्रीनं हात टेकलं होतं.’ तुम्ही मान तिरकी करून हसायचात. मी पडद्यामागे, नखांत काजळी, कपाळावर घाम, आणि हसू आवरत. हो, पहिलं वर्षभर मलाही त्याची गंमतच वाटायची. आपलं दोघांचं गुपित वाटायचं. मूर्ख होते.

आणि ती ताडी. शेजारच्या ख्रिस्ती मावशी शिळ्या ताडीचा सिरका करून ठेवत, त्यांचं ते आंबट-तिखट इंद्याल कालवण करायला. त्यांचा एक लोखंडी डाव सिरक्यात पडून राहिला आणि आठवड्यानं पांढराशुभ्र निघाला. तुम्ही तो डाव हातात घेऊन अंगणात नाचलात म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशीपासून वाडीत ताडी उतरवणाऱ्याकडून नासलेली ताडी येऊ लागली. जुन्या फुटक्या कुंडीला सिमेंट लावून तुम्ही तिचा हौद केलात. गंजलेले पाईप त्यात बुडवायचे, दोन दिवसांनी काढून नारळाच्या काथ्यानं आणि राखेनं घासायचे. आतल्या काजळीसाठी सायकलची जुनी चेन पाईपात घालून दोन्ही टोकं धरून हलवायची, नुसता खडखडाट. पाईप लखलखायचे, ते खरं. पण तो आंबूस वास माझ्या हातांत मुरला. साबण, लिंबू, चिंच, काही चालेना. आई म्हणायची, ‘अहो, पोरीच्या जातीला हा वास शोभतो का?’ तुम्ही म्हणायचात, ‘कामाचा वास आहे.’ हे वाक्य तुम्ही घरात म्हणायचात, बाबा. फक्त घरात.

मग बोळिंजहून ते गृहस्थ आले. केळीची आणि पानवेलीची मोठी वाडी, माणूस हौशी, दारात मोटारसायकल. त्यांच्या गाडीचे स्टड मी काढले होते. तीन मिस्त्र्यांनी नाही म्हटलेले. पान्याखाली ‘चीं’ असा बारीक आवाज आला आणि गंज सुटला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. गाडी न्यायला आले तेव्हा पाईपात स्वतःचं तोंड पाहून ते इतके खूश झाले की दुसऱ्याच आठवड्यात मध्यस्थाकडून निरोप आला, ज्याच्या हाताला एवढा गुण आहे त्याच्या घरची मुलगी आमच्या मुलाला हवी. तुम्ही निरोप आईला मोठ्यानं सांगितलात, मलाही ऐकू यावं म्हणून. मी पाटावर बसून कोळंबी सोलत होते. मनात म्हटलं, चला, माझ्या हातानं माझंच लग्न जुळवलं. आणि खोटं का बोलू, मुलगाही मला आवडला होता. एकदा वडलांबरोबर शेडपर्यंत आला होता, मी पडद्याच्या भोकातून पाहिला होता.

पाहायचा कार्यक्रम. पुढच्या खोलीत सतरंजी, त्यावर ती मंडळी. मी पोहे देते, नमस्कार करते, खाली मान घालून बसते. गृहस्थ तुमचं कौतुक करतायत, तुम्ही सुपारी कातरत मान डोलावताय. मुलाची आत्या सरकून माझ्याजवळ येते आणि माझे हात आपल्या हातांत घेते. आपल्याकडची रीतच आहे ती, बोटं बघायची, नखं बघायची, कामाची मुलगी आहे की नाही ते बघायचं. तिनं बोटं उलटी केली, अंगठा माझ्या घट्ट्यांवरून फिरवला. मग हात नाकाशी नेला.

‘अगो, पोरीच्या हाताला ताडीचा वास येते!’

मी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. मला जराही भीती वाटली नव्हती, खरंच. म्हटलं, आता बाबा सांगतील. एकच वाक्य लागणार होतं. हिनं तुमचे पाईप धुतले, तो वास आहे. एवढं ऐकून तो हौशी माणूस आनंदानं उडालाच असता, हे मी आजही पैजेवर सांगते. तुम्ही त्या गृहस्थांकडे पाहिलंत, त्यांच्या तोंडावरचं तुमच्याविषयीचं ते कौतुक पाहिलंत. आणि म्हणालात, ‘वय लहान आहे. मी समज देतो तिला.’

समज देतो! म्हणजे पोरगी पिते, हे तुम्ही भर बैठकीत कबूल करून टाकलंत. मी न प्यायलेली ताडी माझ्या घशात ओतलीत आणि वर मलाच समज देणार होतात. सगळी समज त्या शेडमध्ये देऊन झाली होती तुमची, केसभर आवळायचं, केसभर सोडायचं. ती समज कुणाला सांगायची लाज वाटली, आणि ही खोटी समज द्यायला तोंड वर करून तयार झालात. मंडळी पोहे तसेच ठेवून उठली. त्या मुलानं चपला घालताना एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती.

रात्री आई रडत होती आणि मी तुमच्यासमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, ‘बाई गाडी उघडते हे कळलं तर उद्या दारात कुत्रं फिरकेल का? मग खायचं काय?’ मी म्हटलं, ‘आणि माझ्या नावाचं काय?’ तुम्ही म्हणालात, ‘लोक विसरतात गो.’ लोक विसरले नाहीत. आगाशीच्या बाजारात भाजी घेताना मागून शब्द यायचा, ताडीवाली. एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावायची. पुढे कोणतंच स्थळ आलं नाही, आणि मीही आईला सांगितलं की आता कुणापुढे हात धरायला बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी काहीच घडलं नाही अशा थाटात तुम्ही हाक मारलीत. मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग तुम्ही स्वतः पाना घेतलात. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात, तळहातावर तुटका स्टड, चेहरा पार उतरलेला. ‘मऊ लागला ते कळलंच नाही,’ म्हणालात. माफी नाही, ये नाही, काही नाही. मी वाटण वाटत होते, वाटत राहिले. तुम्ही तिथेच उभे, हलेचनात. अर्ध्या तासानं मी हात धुतले आणि उठले. का उठले, याचाच मला आज जास्त राग येतो. आत मोडून राहिलेल्या तुकड्याच्या मधोमध पंच मारला, हातड्रिलनं बारीक भोक पाडलं, मग मोठं, उरलेला गंज टोच्यानं उचकटला, टॅपनं आटे साफ केले. संध्याकाळ झाली. तुम्ही कंदील धरून उभे होतात. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं तुमची पाठ थोपटली. मी पडद्याआड कान लावून होते, म्हटलं, निदान आज. तुम्ही म्हणालात, ‘चालायचंच, सवयीचा भाग आहे.’

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि सकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. भांडण अर्धवट टाकून जाणं हेही तुमच्याच स्वभावाला धरून. दिवसकार्य झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तो गोणपाटाचा पडदा फाडून चुलीत घातला आणि पुढच्या बाजूला बसले. लोक यायचे, ‘मास्तरांनंतर कोण?’ विचारायचे, मी ‘मी’ म्हटलं की गाडी ढकलत परत न्यायचे. दोन वर्षं आईनं वाडीतली केळी विकून घर चालवलं. मग एकेक करून यायला लागले, मिठागरावरचे आधी, कारण त्यांच्या गाड्या दुसरं कुणी घेईनाच. आता त्या हलक्या नव्या गाड्या आल्यात, पोरं हौसेनं घेतात. पण इथला वारा त्यांनाही सोडत नाही.

हे सगळं आज वर आलं त्याचं कारण तुम्हाला सांगते. दुपारी त्या मिठागरवाल्याचा पहिला स्टड सुटला. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. मी दोन्ही नट काढून स्टड त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला, एकही आटा गेला नव्हता. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, ‘ताई, ह्या कोनी शिकवला तुमाला?’

तुमचं नाव जिभेवर आलं होतं, बाबा. आपोआप आलं होतं. त्याला बापाचं नाव सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, ‘कुणी नाही. माझी मीच शिकले.’

तो ‘भारीच’ म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, अगदी तुम्हाला वाटायचं तसं, की मग हे लिहायला बसावंच लागलं.